हातमोज्यांचं तोरण

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा आमच्या लाईनीतले बाराही क्वार्टर इतके सारखे होते, की ड्युटीवरून आलेले बाबा एकदा शेजारच्या रंभाकाकूकडंच जेवायला बसले. म्हणून आईनं त्यांचे कामावरचे फाटके सुती हातमोजे उसवले, सूत हळदीत रंगवलं आणि तोरण विणून दाराला लावलं.

तपासणीला आलेला साहेब म्हणाला, "सगळी दारं एकसारखी दिसली पाहिजेत. सोमवारपर्यंत हे काढा."

आठवडाभर आम्ही पोरी लाईनीतल्या सगळ्यांचे हातमोजे उसवत होतो.

सोमवारी आई साहेबाला म्हणाली, "पाहा साहेब, आता बाराई दारं एकसारखे दिसून राहिले ना?"

त्या संध्याकाळी बाबा पुन्हा रंभाकाकूकडं जेवायला बसले. आईनं त्यांना हाताला धरून घरी आणलं. तोरण मात्र काढलं नाही.