जुन्या आवृत्तीची शिकवणी

"हे पुस्तक रद्दीत घाला," सुरक्षाप्रमुख म्हणाले. "दोन आवृत्त्या मागचं आहे."

रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवर नव्यानं लागलेल्या बाई ओशाळल्या. संगणक सुरक्षेच्या परीक्षेला बसायचंय, ग्रंथालयात एवढंच मिळालं, असं त्यांनी हळूच सांगितलं.

प्रमुखांना कौतुक वाटलं. पन्नाशीला टेकल्यावर शिकायची हौस किती जणांना असते? त्यांनी पुस्तक चाळलं. पाया तोच होता, वरचे मजले तेवढे बदलले होते. जेवणाच्या सुट्टीत रोज एक प्रकरण घेऊ, शिळं काय ते मी सांगेन, असं ते आपणहून म्हणाले.

तसा हा महिना त्यांच्या कसोटीचा होता. रुग्णांच्या नोंदी चोरता येतात का हे बघायला संचालकांनी बाहेरचा तपासनीस नेमला होता. तो कधी येईल, कुठल्या वाटेनं येईल, कुणालाच ठाऊक नव्हतं. तो आत शिरला, तर प्रमुखांची खुर्ची जाणार होती. पण प्रमुख निर्धास्त होते. मुंगीसुद्धा शिरणार नाही, असं त्यांनी छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. सख्ख्या मेहुण्यालाही घरच्या वायफायचा पासवर्ड न देणारा माणूस. त्यापायी बायकोनं आठ दिवस अबोला धरला, तरी बधला नव्हता.

महिनाभर त्यांनी डोळ्यांत तेल घालून पहारा केला. एसी दुरुस्तीवाल्याला ओळखपत्रावरचा फोटो जुळेना म्हणून दारातूनच परत पाठवलं. दोन फसव्या ईमेल पकडल्या. एका औषध विक्रेत्याची तर तासभर उलटतपासणी घेतली.

दुपारची शिकवणी मात्र चुकली नाही. दर महिन्याला पासवर्ड बदला, असं पुस्तक सांगायचं. ते आता कुणी करत नाही, आपणही बंद केलं, असं त्यांनी समजावलं. नोंदींच्या जादा प्रती कुठे ठेवाव्यात, यावर पुस्तकात धड काही नव्हतं. मग त्यांनी आपल्याकडची पद्धत सांगितली. उदाहरणाशिवाय डोक्यात उतरत नाही, हे त्यांचं ठाम मत. बाई समासात पेन्सिलीनं टिपून घेत. इतकं सोपं करून आजवर कुणी शिकवलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या तेव्हा प्रमुखांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

महिनाअखेरीस संचालकांनी बोलावलं. प्रमुख ताठ मानेनं आत गेले. समोरच्या खुर्चीत बाई बसल्या होत्या. परीक्षेसाठी रजा मागायला आल्या असाव्यात, असं त्यांना वाटलं.

"साहेब, यांना सोडाच," ते म्हणाले. "तयारी मी स्वतः करून घेतलीये. पहिल्या फटक्यात पास होतील."

संचालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ती परीक्षा यांनी बारा वर्षांपूर्वीच दिली," ते म्हणाले. "या महिन्यात तुमची चालू होती."