हनुवटीची जागा

"चोरी तुम्हीच केलीत. कागदावर केलीत, मोहर मारून केलीत, म्हणून तिला कुणी चोरी म्हणत नाही. एवढंच."

म्हातारा वादक इग्नास कूर्तावेल टेबलावर हात आपटून बोलला, तशी मागच्या रांगेतले लोक माना काढून बघू लागले. क्रांती झाल्यापासून पॅरिसच्या या जुन्या मठात देश सोडून पळालेल्या सरदारांचा जप्त माल ठेवत. खुर्च्या, घड्याळं, वाद्यं. त्याचं व्हायोलिन मागच्या भिंतीवर टांगलेलं होतं. मानेला दोरी, दोरीला लाखेची मोहर.

"तुम्ही नाही, तू म्हण," कारकून ब्रिदो म्हणाला. "आता सगळे सारखे. पुरावा आणलास?"

इग्नासने कोटातून स्वरलिपीची छापील वही काढली. त्याने रचलेल्या सहा सोनाटा, याच व्हायोलिनवर बसवलेल्या. ब्रिदोने पहिलं पान बघितलं आणि हसला.

"यावर तर तुझ्या सरदाराचं नाव. हे एवढं थोरलं, वर मुकुट. तुझं कुठाय? हां, हे खाली. मुंगीएवढं."

"त्याला अर्पण केल्याशिवाय कोण छापत होतं? तुझा बाप?"

"व्हायोलिन त्याच्या हवेलीत सापडलं. म्हणजे त्याचं. आणि त्याचं ते आता जनतेचं."

"मीही तिथेच सापडलो. एकतीस वर्षं त्याच्या नोकरांच्या पंगतीत जेवलो. मलाही टांग की त्या खिळ्याला!"

"दे की रे त्याला," मागून एक धोबीण ओरडली. मालकाच्या हवेलीतल्या सामानाबरोबर जप्त झालेली आपली गादी सोडवायला ती आली होती. "जनतेला कुठे वाजवता येतंय!"

रांग हसली. ब्रिदोने कुरकुरत व्हायोलिन काढून दिलं. "नुसता हात लाव. मोहर तोडायची नाही."

एक तार तुटलेली, बाकीच्या सैल. इग्नासने ते खांद्याला लावलं. हल्लीचे वादक हनुवटी तारांच्या डावीकडे टेकतात. हा जुन्या वळणाचा, उजवीकडे टेकायचा. तिथलं रोगण झिजून लाकूड उघडं पडलं होतं. हनुवटी त्या जागी अशी बसली, की धोबीणही हसायची थांबली.

गज नव्हता. डाव्या हाताची बोटं आपणहून पहिल्या सोनाटाच्या संथ भागावर चालू लागली. सैल तारा नुसत्या पुटपुटल्या.

ब्रिदोने ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग हात पुढे केला.

"आण इकडे. मोहर लागलीय त्याला. मी काय करू?"

व्हायोलिन परत खिळ्यावर गेलं. उघड्या लाकडाचा डाग टेबलापासूनही दिसत होता. इग्नासने गळपट्टा खाली ओढून मान वर केली. जबड्याखाली काळा पडलेला, जुना घट्टा होता.

"हा बघ. याचा जोडीदार तुझ्या भिंतीवर आहे. मग हा कुणाचा, सरदाराचा की जनतेचा? खाली नको बघू. सांग."