कावळा शिवला

माझा करोनाचा अहवाल पॉझिटिव्ह आला आणि मी मागच्या खोलीत वेगळी बसले. काळजी माझी नव्हती, सासूबाईंची होती. वय एक्क्याण्णव. पोटच्या मुलाला, म्हणजे आमच्या ह्यांना, त्या हल्ली 'मास्तर' म्हणत आणि जेवत फक्त माझ्या हातून.

संध्याकाळी त्या दाराशी आल्या. माझं वेगळं ताट-तांब्या बघून चेहरा खुलला.

"कावळा शिवला वाटतं?"

"आई, मी सत्तरीची आहे!"

"असेनास. चार दिवस बसायचं गुमान."

पन्नास वर्षांपूर्वी याच खोलीत त्यांनी मला दर महिन्याला असंच बसवलं होतं. तेव्हा माझी सावलीसुद्धा त्यांना चालायची नाही.

आता तासातासाला येऊन विचारत, "चौथा दिवस ना गं? उद्या न्हा हो." पण ह्यांनी घास पुढे केला की तोंड घट्ट मिटत. "ती जेवल्याशिवाय मी नाही." दोन दिवस नुसत्या दुधावर होत्या.

तिसऱ्या दिवशी ह्यांचा डोळा चुकवून त्या दहीभाताची वाटी घेऊन आल्या. "खा पटकन. माझ्या सासूला कळू द्यायचं नाही," असं कुजबुजत त्यांनी पाऊल आत टाकलं आणि घास पुढे केला.

मी भिंतीला चिकटले. "शिवू नका मला! लांब व्हा!"

त्या गोंधळून मागे सरकल्या. उंबऱ्याबाहेर फतकल मारून तो घास त्यांनी स्वतःच खाल्ला. मग दुसरा, तिसरा. धावत आलेल्या ह्यांना म्हणाल्या, "मास्तर, सून मिळाली चांगली, पण सोवळ्याची फार हो!"