साफ केलेला कोपरा

साहेब, त्या चित्रकाराची सही तुम्ही पुसलीत.

जुन्या बाजारात सापडलेलं ते चित्र मीच तुमच्या संग्रहालयाला दिलं. मग सिंधी सहीचा माग काढत उल्हासनगरला पोचलो. फाळणीत इकडे आलेले चित्रकार लालूमल कधीच वारले होते. त्यांची लेक भेटली, मोहिनीबाई. काल त्यांना चित्र दाखवायला आणलं.

कोपरा कोरा. खाली चिठ्ठी, ‘चित्रकार अज्ञात’.

“इथं उर्दूत काहीतरी खरडलं होतं,” तुमचा माणूस फुशारकीनं म्हणाला, “साफ करून घेतलं.”

“उर्दू नाही रे, तशाच लिपीतलं सिंधी. बाबांचं नाव होतं,” बाई म्हणाल्या. “आयुष्यभर पाट्यांवर दुकानदारांची नावं रंगवली. स्वतःचं एवढंच लिहिलं होतं.”

आज त्या परत आल्यात, खाली बाकावर बसल्यात. जिना उतरा, साहेब. सही का पुसली, याचं उत्तर त्यांना तोंडावर द्या.