कार्यभार

"आत कोणीच नाही," ती म्हणाली आणि उंबऱ्यावरच थांबली.

नवरा तिच्या मागून आला. ठेंगण्या चौकटीखाली मान वाकवून तो आत शिरला आणि एकेक खिडकी उघडत गेला. समुद्राचा पांढरा, आंधळा उजेड खोलीभर सांडला. एक टेबल, एक लोखंडी खाट, खाटेवर घडी घालून ठेवलेले अंथरूण. थोरल्या मुलीने विचारले, आपण इथेच राहायचे का? धाकटीला तहान लागली होती.

नियमाप्रमाणे या केंद्राचा जुना हवामान निरीक्षक आज तिच्यासमोर उभा असायला हवा होता. त्याने उपकरणे मोजून द्यायची, नोंदवह्या दाखवायच्या, मग दोघांनी एकाच कागदावर सह्या करायच्या. सही झाली की तो सुटला आणि ती अडकली, असे ती घरून निघताना हसत हसत म्हणालीही होती.

नोकरी तिला मिळाली होती. नवऱ्याने सहा वर्षे मालवाहू जहाजावर काढली होती. वर्षाचे दोन महिने काय तो घरी. या खेपेला आला तो म्हणाला, पुरे झाले पाणी. परदेशातल्या बेटावरच्या या जागेची माहिती त्यानेच आधी कळवली होती, अर्जही त्यानेच भरला होता. बायकोच्या नोकरीपायी बिऱ्हाड हलते म्हटल्यावर नणंदेच्या टोमण्यांना ऊत आला. दादा आता पदर खोचून भाकऱ्या थापणार, असे ती चारचौघांत म्हणाली. त्यावर तो शांतपणे एवढेच म्हणाला होता, की सहा वर्षांत मुलींच्या वेण्या घालायच्या राहून गेल्या आहेत.

तिने नोंदवही उघडली. तापमान, वाऱ्याची दिशा, वायुभार. आकडे गोलसर, सरळ, एकाच मापाचे. हे वळण तिच्याही हाताला होते. प्रशिक्षणाच्या वर्गात सगळ्यांना तेच गिरवायला लावत, म्हणजे कोणाची नोंद कोणीही वाचावी. तिथेच तर नवऱ्याची ओळख झाली होती; आकडे गिरवण्यात तो पहिला यायचा. हात वेगवेगळे, अक्षर एकच. अशा वहीत माणूस शोधून सापडत नाही.

शेवटची नोंद दोन महिन्यांपूर्वीची होती. पुढची पाने कोरी.

ती बाहेर धावली. पर्जन्यमापकात सुकलेली पाने साचली होती. मागच्या कड्याखाली लाटा एकसारख्या येऊन फुटत होत्या, जणू कोणाला तरी हाक मारून थकलेल्या. खाली वाकून पाहायचे तिच्या जिवावर आले. तरी तिने पाहिले. खडक आणि फेस, दुसरे काही नाही.

परत आल्यावर तिने कपाट उघडले. दाराच्या आतल्या बाजूला केंद्राचे नियम चिकटवले होते. सातवा नियम तिच्या नेमणूकपत्रात नव्हता. वर्षाला दोन महिन्यांची रजा. एरवी, दुसरा निरीक्षक रुजू होईपर्यंत बेट सोडता येणार नाही.

"हे तू वाचलं होतंस?" तिने विचारले.

नवरा मुलींच्या चपला दाराशी ओळीत लावत होता. "सगळीकडे असंच असतं," तो म्हणाला.

ती तरातरा धक्क्यावर गेली; मागोमाग मुलींना घेऊन नवराही आला. सामान अजून बोटीतच होते. बोटवाल्याची भाषा तिला येत नव्हती. नवरा बारा गावचे पाणी प्यायलेला. त्याला येत होती. तिने विचारायला लावले, जुना निरीक्षक कुठे आहे? बोटवाला बराच वेळ बोलला, मध्येच हसला, नवऱ्याच्या खांद्यावर त्याने थापही मारली.

"सह्या झाल्याशिवाय सामान उतरवणार नाही म्हणतो," नवऱ्याने सांगितले. "पाण्याच्या टाकीची किल्लीही त्याच्याकडेच आहे."

"एवढं बोलला तो. त्याचं इतकंच?"

"मुद्द्याचं इतकंच."

कुठेतरी पाणी मुरत होते. ती म्हणाली, मी सही करणार नाही, आपण याच बोटीने परत जाऊ. नवऱ्याने ते बोटवाल्याला सांगितले. बोटवाल्याने मान हलवली आणि खिशातून परवाना काढून दाखवला. परतीच्या बोटीत जागा एकच, सुटणाऱ्या निरीक्षकाची. पुढची बोट दोन महिन्यांनी.

ओहोटी लागली होती. धाकटी रडायची थांबून नुसतीच ओठ चाटत होती, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होते. थोरली आईकडे पाहत होती. एरवी आईला सगळे ठाऊक असते, त्या विश्वासाने.

"समोर माणूस नाही, आणि मी कशी सही करू?" ती म्हणाली. "तो आलाच नाही तर? मेला असेल तर?"

"तू घेणारी. आधी तू कर," नवरा म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता, आजारी माणसाच्या उशाशी बोलावे तसा. "तो कुठेही असला तरी त्याला सही करावीच लागेल. त्याशिवाय तो सुटत नाही."

बोटवाल्याने एका खोक्यावर कागद पसरला. वर केंद्राचा क्रमांक, खाली दोन रकाने: कार्यभार देणार, कार्यभार घेणार. नावाला कुठे जागाच नव्हती.

तिने सही केली.

बोटवाल्याने किल्ली थोरलीच्या हातात दिली. दोघी टाकीकडे पळाल्या. नळ सुटल्याचा आवाज आला, मग धाकटीचे हसू. इकडे आईने डोळे मिटले आणि कितीतरी वेळाने ऊरभर श्वास घेतला.

डोळे उघडले तेव्हा पेन नवऱ्याच्या हातात होते. 'कार्यभार देणार' या शब्दांसमोर त्याने सही केली, सहीखाली रुजू झाल्याची सहा वर्षांपूर्वीची तारीख न अडखळता घातली, आणि बोटवाल्याने त्याला बोटीत चढायला हात दिला.