विकतचा विटाळ

भाद्रपदातल्या महालक्ष्मीचा पितळी मुखवटा दोन्ही हातांत धरून शामला उंबऱ्यावर उभी होती. पाळी गेल्यावर दोन वर्षं तिच्या अंगातला वणवा विझला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या, तेव्हा कुठे तिला झोप लागली. पण दर महिन्याला पुन्हा रक्त जाऊ लागलं. "देवानं सोडवलं तुले, अन् तू काहून विटाळ विकत घेऊन राहिली वं?" म्हणत सासूनं घर डोक्यावर घेतलं. चैत्रात शामलानं गोळ्या सोडल्या. "यापुढे थेंबभर रक्त दिसलं, तरी त्याच दिवशी या. ते गोळ्यांचं नसेल, कॅन्सरचंही असू शकतं," डॉक्टरीणबाईंनी तेव्हा बजावलं होतं. उमरेडहून आलेली नणंद देवीला ओवाळत असतानाच सासूला शामलाच्या साडीवरचा लाल डाग दिसला. "पुन्हा सुरू केल्या न त्या गोळ्या?" "हो," शामला म्हणाली. हे खोटं खरं होऊ दे, एवढंच तिनं मुखवट्याकडे मागितलं.