परवानगी एकाच नंबरला

नळयोजनेचे वॉल्व्ह मोबाईलवरून चालवणाऱ्या डब्याचा पासवर्ड गावभर झाला होता. तो बदलायला देवळ्याहून उज्वला आली आणि पुंजाअण्णांच्या पडवीत लॅपटॉप उघडून बसली. अण्णा तिच्या डोक्यावरच उभे होते.

“वरच्या वस्तीवाले परस्पर पाणी सोडून घेतात. सगळ्यांचे नंबर काढ. फक्त सरपंचाच्या मोबाईलवर चाललं पाहिजे. दुसरा कुणी घुसला, तर तू परत या गावात पाय ठेवायचा नाय.”

उज्वलाने ग्रामपंचायतीचा ठराव पाहून त्यावरचा नंबर टाकला. अण्णांनी आपल्या मोबाईलवर बटण दाबलं. ‘परवानगी नाही.’

“कुणाचा नंबर टाकलास?”

“सरपंचांचा. ठरावावर सही कुसाबाईंची आहे.”

अण्णांची बायको कुसाबाई चहा घेऊन दारात उभी होती. तिने कपबशा खाली ठेवल्या आणि मोबाईल काढला.

“ताई, वरच्या वस्तीचं बटण कोणतं?”